नॅशनल पार्क: एका दिवसाला एकच वाट

बोरिवली स्टेशनला पूर्वेकडे उतरून दहा-पंधरा मिनिटं चाललं, की द्रुतगती मार्गाला लागून एक मोठं फाटक येतं. कागदोपत्री त्याचं नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, पण मुंबईकराच्या तोंडी ते नॅशनल पार्कच. या ‘पार्क’ शब्दामुळे पहिल्यांदा येणाऱ्यांची फसगत होते. हिरवळ असेल, बाकडी असतील, मुलांना झोपाळे असतील, तीन-चार तासांत सगळं बघून होईल असं वाटतं. प्रत्यक्षात फाटकाच्या आत सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं जंगल आहे. एका बाजूला बोरिवली-कांदिवली-मालाड, दुसऱ्या बाजूला मुलुंड-भांडुप, वर ठाणं आणि येऊर. त्यात दोन तलाव, शंभराहून जास्त लेणी, आदिवासी पाडे आणि बिबटे आहेत. हे एका रविवारात बघून होत नाही.

माझ्या आत्याचं कुटुंब नाशिकहून आलं होतं, तेव्हा मी हीच चूक केली. सकाळी दहाला फाटकाशी, मग सफारीच्या रांगेत दीड तास, मग खाणं, मग भर दुपारी कान्हेरीची चढण. भाचा सात वर्षांचा. तिसऱ्या लेण्याच्या पायरीवर बसला तो उठेचना. आत्या म्हणाली, “अरे, दाखवायचं ते एकच दाखव, पण नीट दाखव.” तेव्हापासून माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येकाला मी आधीच विचारतो: तुम्हाला लेणी बघायची आहेत, झाडं-पाखरं बघायची आहेत, की मुलांना घेऊन नुसता दिवस घालवायचा आहे? तिन्हींसाठी तीन वेगळे दिवस लागतात. एका दिवसाला एकच वाट धरा.

थोडी तयारी सांगतो. सोमवारी पार्क बंद असतं, आणि हे माहीत नसल्यामुळे फाटकावरून परत जाणारी माणसं मी दर सोमवारी पाहतो. शक्य तर मधल्या वारी या. रविवार टळत नसेल तर फाटक उघडतानाच पोहोचा. पहिल्या दीड-दोन तासांत जे दिसतं आणि ऐकू येतं, ते अकरानंतर नाही. कान्हेरीचं तिकीट वेगळं, ते पुरातत्त्व खात्याचं असतं. सुटे पैसे जवळ असू द्या. पाण्याची बाटली भरून घ्या. प्लास्टिकच्या पिशव्या मात्र घरीच ठेवा, फाटकावर सामान तपासतात. कपडे मळखाऊ रंगाचे, पूर्ण पायाचे. बूट घसरणार नाहीत असे. खाण्याचं सामान हातात धरून चालू नका. माकडं पिशवीचा आवाज ओळखतात, आणि एकदा तुम्ही केळं दिलंत की पुढच्या माणसाच्या हातातून ती ते ओढून घेतात.

लहान मुलं बरोबर असतील तर फाटकाजवळचा भागच पुरे आहे. वाघ-सिंहांची सफारी इथूनच सुटते. ते प्राणी मोठ्या कुंपणात पाळलेले आहेत, हे मुलांना आधीच सांगा, म्हणजे नंतर जंगलात चालताना ‘इथे वाघ आहे का’ हा प्रश्न घाबरून न येता कुतूहलाने येतो. आपल्या आई-वडिलांच्या पिढीला ओळखीची ‘वनराणी’ ही छोटी आगगाडी मे २०२१ च्या तौक्ते वादळात रुळांसकट खराब झाली आणि बरीच वर्षं बंद होती. मुलांना तिचं आमिष दाखवण्यापूर्वी त्या दिवशी ती चालू आहे का, हे विचारून घ्या. दहिसर नदीला बांध घालून केलेल्या छोट्या तलावात नावेतून फिरता येतं. पण मला विचाराल तर मुलांना आधी निसर्ग माहिती केंद्रात न्या. पंख, ठसे, किडे, पानं असं जवळून बघायला मिळालं, की बाहेर पडल्यावर तीच मुलं रस्त्याकडेची पानं उलटी करून बघायला लागतात.

आता कान्हेरी. फाटकापासून सहा-सात किलोमीटर आत. पार्कातून बस सुटते, सायकलीही भाड्याने मिळतात. पाय भक्कम असतील तर सकाळी चालत जा आणि येताना बस धरा. डांबरी रस्ताच आहे, पण दोन्ही बाजूंनी जंगल असल्यामुळे चालण्याचा शीण कळत नाही.

नावाचं मूळ कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर. त्याचं प्राकृतात कण्हगिरी झालं आणि तिथून कान्हेरी. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास इथे कोरीव काम सुरू झालं आणि पुढे हजारेक वर्षं ही वस्ती नांदती राहिली. लेण्यांची संख्या शंभराच्या वर आहे. इतकी एका डोंगरात का, याचं उत्तर नकाशात आहे: जवळच सोपारा आणि कल्याण ही बंदरं. व्यापारी येत, दान देत, आणि त्यांची नावं भिंतीवर कोरली जात. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह व्यापारी भावांच्या दानातून उभं राहिलं, आणि तिथल्या लेखात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचं नाव आहे. कार्ल्याचं चैत्य पाहिलेलं असेल तर हे त्याचं धाकटं भावंड वाटेल. आत शिरण्यापूर्वी ओसरीच्या दोन्ही टोकांना बघा. सुमारे तेवीस फूट उंचीच्या दोन उभ्या बुद्धमूर्ती समोरासमोर आहेत. बहुतेक लोक त्यांच्याकडे पाठ करून दरवाज्याचा फोटो काढतात. आत गेल्यावर खांब नीट न्याहाळा. काहींच्या माथ्यावर हत्ती स्तूपाची पूजा करताना दिसतात, तर काही खांब अर्धवट सोडलेले आहेत. ते अर्धवट खांब मला जास्त आवडतात. छिन्नी कुठवर आली होती ते तिथे दिसतं.

अकराव्या क्रमांकाला दरबार म्हणतात. आत दोन लांब, ठेंगणे दगडी बाक कोरलेले आहेत. वेरूळचं पाचवं लेणं पाहिलेल्याला लगेच ओळख पटेल. हे लेणं बघताना जमिनीशी बसून बघा. भिक्षू ओळीने बसत असतील तेव्हा त्यांना जसं दिसत असेल तसं दिसतं, आणि दुपारच्या उन्हातही दगड गार लागतो. एकेचाळिसाव्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. त्याच्यासाठी थोडं वर चढायला लागतं, पण चढा. आणि नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीत लेख आहेत, इ.स. १००९ आणि १०२१ चे. ते लेणी बघायला आलेल्या पारशी मंडळींनी कोरले. प्रवासी म्हणून आपण इथे पहिले नाही, हे त्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर अंगावर येतं. पण म्हणून आपलं नाव कोरायला जाऊ नका. अलीकडच्या नावांनी या दगडांचं जे केलं आहे ते बघून पोटात तुटतं.

माझ्या मते कान्हेरीची खरी करामत मूर्तींमध्ये नाही, पाण्यात आहे. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दारात, एका बाजूला, जमिनीत चौकोनी तोंडाचं टाकं दिसेल. लेण्यांमधल्या लेखांत त्याला ‘पोढी’ म्हटलं आहे. वरच्या कातळावर बोटभर खोलीच्या पन्हळी कोरलेल्या आहेत. पावसाचं पाणी त्या पन्हळींतून वाहत खाली येतं आणि टाक्यात उतरतं. एकाची सांड दुसऱ्याकडे जाते. पहिला जोरदार पाऊस होऊन गेल्यावर तिथे जा आणि एखाद्या पन्हळीशी बोट धरून तिच्या मागे मागे चाला. कुठे ती पायरीच्या कडेने वळते, कुठे भिंतीतून आत जाते. दोन हजार वर्षांपूर्वी कोणी एका माणसाने उतार डोळ्याने मापला आणि तो अजून चुकलेला नाही. या एका गोष्टीसाठी अर्धा दिवस द्या. बाकीची लेणी पुढच्या खेपेला.

सगळ्यांत वर पोहोचलात की उलट बाजूला उतरून ओढ्याच्या अंगाला जा. तिथे विटांच्या लहान लहान स्तूपांचे अवशेष असलेली एक लांब ओळ आहे. दिवंगत भिक्षूंची ही स्मारकं. तिथे सहसा कोणी नसतं. पावसाळ्यात मात्र हा कातळ शेवाळाने बुळबुळीत होतो आणि ओढ्याला घटकेत पाणी चढतं. वर पाऊस झाला की खाली आकाश निरभ्र असतानाही लोंढा येतो. ओढ्यात उतरणं, पोहणं, फोटोसाठी पलीकडच्या खडकावर जाणं टाळा. इथे दर काही वर्षांनी पोरं बुडून जातात, आणि ती सगळी पोहता येणारी असतात.

ज्यांना जंगल हवं आहे त्यांनी लेण्यांचा दिवस आणि जंगलाचा दिवस एक करू नये. पार्कात ठरावीक पायवाटा आहेत. शिलोंडा, मालाड आणि इतरही काही. त्यांवर परवानगी घेऊन, आणि जाणत्या माणसाबरोबरच जायचं असतं. निसर्ग माहिती केंद्रात चौकशी करा. नोंदणी आधी करावी लागते. शिलोंड्याची वाट ओढ्याच्या काठाने जाते, पहिल्या खेपेला तीच घ्या. ठाण्याकडच्या लोकांना येऊरची बाजू सोयीची. घोडबंदरच्या खाडीपलीकडचा नागला भागही याच उद्यानाचा. जंगल आणि खाडी शेजारी-शेजारी असल्यामुळे पक्षी बघणारे तिथे आवर्जून जातात.

काय दिसेल ते महिन्यावर आहे. जानेवारीत झाडं पानं गाळायला लागतात, जंगल विरळ होतं, आणि म्हणूनच पाखरं दिसायला हा सगळ्यात सोपा काळ. कांडोळाची पांढरी खोडं, ज्याला लोक भुत्या म्हणतात, ती याच दिवसांत उठून दिसतात. मग काटेसावर, पळस आणि पांगारा एकामागून एक पेटतात. फुलांनी भरलेल्या पांगाऱ्याखाली अर्धा तास नुसते उभे राहा. मैना, कोतवाल, शिंजीर, बुलबुल, खारी, वानरं, सगळे मधाला येतात. पाखरं शोधत फिरावं लागत नाही. मार्चअखेर कोशिंबाला कोवळी पानं फुटतात. ती हिरवी नसतात, तांबडी असतात, आणि लांबून झाड फुललं आहे असंच वाटतं. मे महिना चालायला कठीण, पण करवंदं-जांभळांचा. पावसाच्या तोंडावर नवरंग येतो. दिसतो क्वचित, त्याची दोन सुरांची शीळ मात्र ऐकू येते. आणि पाऊस लागला की भल्या सकाळी ओढ्यांच्या घळीतून शीळकरी कस्तुराची शीळ येते, अगदी कोणी मुलगा रमतगमत शीळ घालत चालला आहे अशी. पहिल्यांदा ऐकणारा हटकून वळून बघतो.

सप्टेंबर-ऑक्टोबर हा माझा आवडता काळ. फुलपाखरं चिकार असतात. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, काळ्या पंखांवर निळी झाक असलेलं, याच दिवसांत सहज दिसतं. आणि वाटेवर कोळी. तोंडासमोर एकदम जाळं येतं आणि मधोमध तळहाताएवढी कोळ्याची मादी बसलेली असते. घाबरू नका, ती अंगावर येत नाही. जाळं उन्हात तिरपं बघा: धागे पांढरे नसतात, पिवळसर सोनेरी असतात. जरा वर कडेला बारीक तांबूस ठिपका दिसेल, तो तिचा नर. खाली वाकून जा. जाळं तोडू नका, ते विणायला तिला बरीच मेहनत पडते.

कारवीचं एक सांगून ठेवतो. उतारावर रुंद खरबरीत पानांची झुडपं दाटीने दिसतात, ती कारवी. ती आठ वर्षांतून एकदाच फुलते आणि मग मरते. इथे ती २०१६ मध्ये फुलली, मग २०२४ मध्ये. अख्खे उतार जांभळे झाले होते. आता २०३२ च्या पावसाळ्याची वाट बघायची. मधल्या वर्षांत तिच्याकडे नुसतं झुडूप म्हणून बघू नका. पाड्यांवरच्या घरांच्या कुडाच्या भिंती याच कारवीच्या काठ्यांच्या, वरून शेणमातीने लिंपलेल्या.

हे पाडे जंगलाच्या आत आहेत, आणि तिथली माणसं उद्यान होण्याच्या आधीपासूनची. वारली, महादेव कोळी अशी ही घरं. कान्हेरीच्या रस्त्याला टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायका इथल्याच. पाड्यावर आपण होऊन शिरू नका, न विचारता फोटो काढू नका. ते त्यांचं घर आहे. पण टोपलीशी थांबा, बसा, बोला. कुठलं झाड केव्हा फुलतं, हे पुस्तकापेक्षा त्यांना विचारलेलं बरं.

आणि बिबट्या. प्रत्येक जण हा प्रश्न विचारतोच, म्हणून सविस्तर सांगतो. २०१५ मध्ये कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत उद्यान आणि लगतच्या आरे परिसरात ३५ बिबटे आढळले. २०१८ च्या मोजणीत ४७. इतक्या दाट वस्तीला लागून इतके बिबटे राहतात, आणि तरी आपल्या वाटेला जाणाऱ्या माणसाला ते बहुधा दिसतही नाहीत. २००२ ते २००४ या काळात माणसांवर बरेच हल्ले झाले. बाहेरून पकडलेले बिबटे इथे आणून सोडले जात होते, हे त्याचं एक मोठं कारण असल्याचं अभ्यासक सांगतात: अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं. वन विभागाने २०११ पासून वस्त्यांमध्ये जाऊन लोकांना सोबत घेतलं, आणि त्याने पुष्कळ फरक पडला. वारली लोक बिबट्या-वाघाला वाघोबा म्हणून पूजतात. त्याच्याबरोबर राहायचं कसं याची समज त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

आपल्यासाठी नियम साधे आहेत. एकटं फिरू नका. अंधाराआधी बाहेर पडा. मुलांना घोळक्याच्या मधे ठेवा, पुढे धावू देऊ नका. झुडपाआड उकिडवं बसू नका. बसलेला माणूस लहान दिसतो, आणि लहान जनावर हीच बिबट्याची शिकार. खरकटं टाकू नका. खरकट्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. कधी दिसलाच, तर पळू नका, पाठ फिरवू नका. उभे राहा, त्याला जायला वाट द्या. जोगेश्वरी, मुलुंड, ठाणे या बाजूंना जंगलाला लागून राहणाऱ्यांनी तर कचऱ्याचा नियम रोज पाळायचा आहे. पिंजरा लावा म्हणून ओरडण्यापेक्षा गल्लीतला उकिरडा उचलणं कितीतरी उपयोगाचं.

विहार आणि तुळशी हे तलाव पाहता येतील का, असंही पुष्कळ जण विचारतात. ते पाणीपुरवठ्याचे तलाव आहेत. तिथे सर्वांना मोकळेपणी जाता येत नाही, आणि त्यांत मगरी आहेत. पण उंचावरच्या एखाद्या जागेवरून पाण्याची चकाकी दिसते, तेव्हा मुलांना एवढं जरूर सांगा: विहार १८६० मध्ये पुरा झाला आणि मुंबईला पहिल्यांदा नळाचं पाणी त्यातून मिळालं, तुळशी १८७९ चा. मिठी नदी विहार-पवईच्या सांडीतून सुरू होते, दहिसर नदी याच डोंगरांत. फाटकाबाहेर ज्याला आपण नाला म्हणतो, तो आत स्वच्छ वाहता ओढा असतो. मुलांना एकदा आत बोट बुडवायला लावा आणि बाहेर पुलावर थांबून तेच पाणी दाखवा. वेगळं काही बोलावं लागत नाही.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आलात तर परतताना टोपल्यांकडे नीट बघा. बाकीच्या दिवसांत कैरी, चिंच, बोरं, काकडी असते. या दिवसांत मात्र जांभळट-तपकिरी, निमुळत्या दांड्यांच्या जुड्या दिसतील: शेवळं. पाऊस पडला की जमिनीतून वर येतात आणि जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. घेतलीत तर बाईकडून काकडं मागून घ्यायला विसरू नका, ती लहान हिरवी आंबट फळं. ती घातल्याशिवाय भाजी केली तर घसा खवखवतो. साफ कशी करायची, आतला पिवळा भाग का काढून टाकायचा, हे तिला विचारा. ती तिथेच एक दांडा सोलून दाखवते.